बर्फावरून घरी आलेला स्नोबोर्ड: देखभाल आणि साठवणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्यातल्या माणसाचा स्नोबोर्ड, म्हणजे पायांना अडकवून बर्फावरून घसरायची फळी, वर्षातले आठ-दहा दिवस गुलमर्गच्या किंवा औलीच्या बर्फावर असतो आणि बाकीचे साडेतीनशे दिवस घरात. या साडेतीनशे दिवसांत आपला पावसाळा येतो. बोर्डासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात 'थंड, कोरड्या तळघरात ठेवा' असं छापलेलं असतं. आपल्याकडे तळघर नसतं, आणि जुलैत कोरडं काही सापडत नाही.

माझा पहिला बोर्ड मार्चमध्ये परत आल्यावर मी बॅगेसकट माळ्यावर ठेवला होता. डिसेंबरात चेन उघडली तर दोन्ही कडा तांबड्या पडलेल्या, बुटांच्या अस्तरावर हिरवट बुरशी, आणि तळ खडूच्या रेघा ओढल्यासारखा पांढुरका. बर्फावर त्याला एक ओरखडासुद्धा आला नव्हता. त्याची ही दशा घरात झाली. तेव्हापासून दर वर्षी मित्रमंडळींचे बोर्ड आमच्या गॅलरीत वॅक्सिंगसाठी, म्हणजे तळाला मेणाचा थर द्यायला येतात, आणि सोबत जवळपास हेच प्रश्न येतात.

सहल संपली. सगळ्यात आधी काय करायचं?

सुरुवात गुलमर्गमध्येच करायची, पुण्यात पोचल्यावर नाही. शेवटच्या दिवशी गोंडोलातून, म्हणजे तिथल्या केबल कारमधून उतरलात की बोर्डावरचं बर्फ झटका. खोलीत आल्यावर सुती फडक्याने कडा, तळ आणि बाइंडिंगचे (बूट बोर्डाला अडकवणाऱ्या पट्ट्यांच्या साच्यांचे) सांधे कोरडे पुसा. रात्रभर बोर्ड बॅगेबाहेर भिंतीला टेकवून ठेवा. सकाळी बॅग भरताना बोर्डाला पाणी सुटलेलं असेल तर पुन्हा एकदा पुसा. बाइंडिंगच्या फटीत अडकलेलं बर्फ खोलीच्या उबेने हळूहळू वितळत राहतं, म्हणून हे दुसऱ्यांदा पुसणं टाळू नका.

टंगमर्ग, श्रीनगर, विमान, मग घर असा हा किमान एका दिवसाचा प्रवास असतो. ओला बोर्ड तेवढा वेळ बंद बॅगेत राहिला तर पोलादी कडांवर गंजाचे पहिले ठिपके तिथेच उठतात. घरी पोचल्यावर कितीही दमलेले असा, बॅग त्याच रात्री उघडा. बोर्ड, बूट, हातमोजे सगळं बाहेर काढा. बॅगसुद्धा उलटी करून वाळवा. बॅग ओली राहिली तर बाकीची मेहनत फुकट जाते.

हॉटेलातल्या बुखारीजवळ बूट वाळवले तर चालतील का?

नाही. बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, लालबुंद झाली की तिच्याजवळची जागा बुटाच्या गोंदासाठी फार गरम होते. तळवा सुटतो, आतला फोम आकसतो, आणि पायाच्या मापाला बसलेला बूट पुन्हा कधी तसा बसत नाही. आतलं अस्तर म्हणजे लायनर बाहेर काढा, तळपट्टीही वेगळी करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तास-दोन तासांनी बदला. बूट खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. खोलीची ऊब त्यांना पुरते. हेअर ड्रायर आणि रूम हीटरलाही हाच नियम लागू.

वॅक्स नेमकं कशासाठी? बोर्ड ठेवूनच द्यायचा आहे, तर आता वॅक्स करून काय उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बहुतेक लोक चुकतात तेही इथेच. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोर्डाचा तळ पॉलिथिलीनचा असतो. स्वस्त बोर्डांत हे पॉलिथिलीन वितळवून पत्र्यासारखं ओढलेलं असतं. त्याला एक्स्ट्रूडेड बेस म्हणतात. महाग बोर्डांत त्याची भुकटी उष्णता आणि दाब देऊन घट्ट बसवलेली असते. तो सिंटर्ड बेस. सिंटर्ड बेस वॅक्स जास्त पितो, जास्त वेगाने घसरतो, आणि उपाशी ठेवला तर लवकर कोरडा पडतो. कडेलगतचा भाग पांढुरका आणि केसाळ दिसायला लागला की तळ कोरडा पडलाय असं समजा. बर्फावर कडांजवळच सगळ्यात जास्त घासलं जातं, त्यामुळे वॅक्स तिथूनच आधी संपतं.

साठवणुकीचं वॅक्सिंग वेगासाठी नसतं. जाड थर लावून तो तसाच ठेवायचा, खरवडायचा नाही. हा थर तळाला कोरडेपणा आणि धूळ यांपासून वाचवतो, आणि कडांवरून ओघळून बसला की पोलादाला दमट हवाच लागू देत नाही. मुंबईत किंवा कोकणात, जिथे हवेतच मीठ असतं, तिथे गंजावर इतका साधा आणि खात्रीचा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

करायचं कसं ते सांगतो. बाइंडिंग काढा. दोन स्टुलांवर जुने टॉवेल घालून बोर्ड पालथा ठेवा, म्हणजे तळ वर येईल. पितळी ब्रशने पुढच्या टोकाकडून मागच्या टोकाकडे घासा, मग ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. इस्त्री गरम झाली की वॅक्सची वडी तिला टेकवून थेंब थेंब तळावर पाडा. कडांवर मुद्दाम जास्त. नंतर इस्त्री फिरवत थर सारखा करा. ती सतत सरकत राहिली पाहिजे, एका जागी क्षणभरही थांबवायची नाही. पॉलिथिलीन सुमारे १३५ अंश सेल्सियसला वितळायला लागतं आणि थांबलेली इस्त्री तळ जाळते. जळलेला तळ वॅक्स शोषून घेत नाही. खालच्या, म्हणजे चित्राच्या बाजूला हात लावून बघत राहा. तिथे कोमट लागलं की तो भाग झाला. वॅक्समधून धूर येत असेल तर इस्त्री जास्त तापली आहे.

आपल्याकडची एक वेगळी अडचण म्हणजे एप्रिलमध्ये पुण्याची दुपार ३८-३९ अंशांची असते आणि थर लवकर गोठत नाही. मी हे काम रात्री जेवणानंतर करतो. खिडक्या उघड्या ठेवतो, मात्र पंखा बंद, नाहीतर इस्त्री आणि वॅक्स दोन्ही भरभर निवतात. सकाळपर्यंत थर घट्ट बसलेला असतो.

घरातली कपड्यांची इस्त्री वापरली तर?

एखादी जुनी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री मिळाली तर सुरुवातीला चालते. तिचा थर्मोस्टॅट ढोबळ असल्यामुळे तापमान खूप वर-खाली होतं, म्हणून सर्वांत कमी खुणेपासून सुरू करा. वाफेच्या इस्त्रीच्या भोकांत वॅक्स जातं आणि पुढच्या वेळी ते शर्टावर उतरतं. एकदा बोर्डावर फिरलेली इस्त्री पुन्हा कपड्यांसाठी वापरायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दर वर्षी करणार असाल तर वॅक्सची खास इस्त्री घ्या. तिचा तळ जाड असतो, उष्णता स्थिर राहते.

देवघरातल्या मेणबत्तीचं मेण चालेल?

साठवणुकीपुरतं, नाइलाज असेल तर. ते मऊ पॅराफिन असतं, कडा झाकतं. पण बर्फावर टिकत नाही, आणि जानेवारीच्या कडक थंडीत तर बोर्ड चिकटल्यासारखा चालतो. रंगीत किंवा सुगंधी मेणबत्ती मुळीच नको.

वॅक्स कोणतं घ्यावं? फ्लोरोवाली महाग वॅक्स चांगली म्हणतात.

सर्व तापमानांना चालणारं साधं हायड्रोकार्बन वॅक्स घ्या. जानेवारीत गुलमर्गचं कोरडं, थंड बर्फ स्फटिकांनी टोकदार असतं, त्याला कडक वॅक्स लागतं. मार्चच्या दुपारी ओल्या बर्फाला मऊ. दहा दिवसांच्या सहलीसाठी तीन-चार वड्या बाळगायची गरज नाही. फ्लोरिनयुक्त वॅक्सचा नाद सोडा. ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, बर्फासोबत वितळून पाण्यात जातात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून त्यांच्यावर स्पर्धांमध्ये पूर्ण बंदी घातली आहे. गुलमर्गच्या डोक्यावरच्या अफरवट डोंगरावरचं बर्फ वितळून खालच्या गावांच्या ओढ्यांना जातं, ते पाणी लोक पितात. आपल्या थोड्या वेगासाठी हे करू नये.

कडांना गंज आलाच, तर?

वरवरचा तांबूस थर असेल तर घाबरू नका. गंज काढायचा रबरी दगड मिळतो, त्याला गमी स्टोन म्हणतात. तो कडेच्या लांबीने घासला की निघतो. खाली खड्डे पडले असतील तर डायमंड स्टोन, आणि तेही पुरलं नाही तर कोनमापी धारकात बसवलेली बारीक कानस. कानस एकाच दिशेने चालवायची, मागे आणताना उचलायची. हातमोजे घाला, कड बोट सहज कापते. आणि तळाकडची बाजू घासू नका. तिथे कारखान्यातच साधारण एक अंशाचा उतार दिलेला असतो. तो बिघडला तर घरी दुरुस्त होत नाही.

दारावर धारवाला येतो. त्याच्याकडून कडांना धार लावून घेऊ का?

नका लावून घेऊ. त्याचं चाक सुरी-कात्रीसाठी आहे आणि त्या कामात तो वाकबगार असतो. बोर्डाच्या कडेला सुरीसारखं पातं नको असतं, तिला जवळपास काटकोन हवा असतो; बाजूची कड बहुधा ८८ ते ९० अंशांच्या दरम्यान ठेवतात. शिवाय कड जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची, चाकावर ती तापते आणि शेजारचा प्लास्टिकचा तळ वितळतो. एकदा उडालेलं पोलाद परत येत नाही.

गुलमर्गला ताजं भुसभुशीत बर्फ पडलं असेल तर धारेचा फारसा प्रश्नच येत नाही. धार लागते ती गोठलेल्या कडक उतारावर. नवशिक्यांनी तर टोकांजवळच्या कडा जरा बोथटच ठेवाव्यात, बोर्ड अचानक अडकून तोंडावर पडणं कमी होतं.

कडांना खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल लावलं तर गंज येणार नाही ना?

काही दिवस येणार नाही. पण तेल तळावर पसरतं, आणि तेल लागलेल्या तळात वॅक्स मुरत नाही. खोबरेल तर काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरतं. तळ पुसायला रॉकेल किंवा टर्पेंटाइनही नको. वॅक्स करा.

तळावर ओरखडे आहेत, एका ठिकाणी आतलं लाकूड दिसतंय. घरी भरता येईल?

ओरखडा उथळ असेल तर येईल. तळाच्याच प्लास्टिकची कांडी मिळते, पी-टेक्स नावाची. ती पेटवून वितळलेले थेंब भेगेत पाडायचे, थंड झाल्यावर धातूच्या पट्टीने सपाट खरवडायचं. ज्योत भेगेच्या अगदी जवळ ठेवा, नाहीतर काजळी पडते आणि भराव काळा व कमकुवत होतो. खिडकी उघडी, आणि जवळ मुलं नसताना.

आतलं लाकूड किंवा काचतंतूंचं कापड दिसत असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे. तिथून पाणी आत शिरतं, गोठून फुगतं आणि बोर्डाचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात. पुण्यात हेच पावसाळ्याची दमट हवा सावकाश करते. सहलीत असं झालं तर त्या दिवसापुरती जखम पुसून चिकटपट्टी लावा, आणि गुलमर्गच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडूनच भरून घेऊन परत या. हे काम रोज करणारे हात तिथे आहेत, इथे नाहीत. जखम कडेला लागून असेल तर साधं पी-टेक्स पोलादाला धरत नाही, हेही लक्षात ठेवा.

असे खड्डे बहुतेक वेळा हंगामाच्या सुरुवातीला पडतात, जेव्हा बर्फ पातळ असतं आणि दगड जेमतेम झाकलेले असतात. हल्ली हंगाम भरवशाचा राहिला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडं होतं. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. तिकिटं काढण्याआधी बर्फाची खबर घेणं हीसुद्धा बोर्डाची देखभालच.

बाइंडिंग काढून ठेवायचं की लावलेलंच?

काढून. घट्ट आवळलेले स्क्रू वर्षभर तळाला आतून ओढून धरतात, त्याने तळावर खळगे दिसू शकतात. शिवाय बाइंडिंगच्या चकतीखाली पाणी साचलेलं असतं, ते वाळतं. पायांमधलं अंतर आणि कोन कागदावर लिहून ठेवा किंवा फोटो काढा. स्क्रू छोट्या पिशवीत घालून बाइंडिंगलाच बांधा. ते बहुधा ६ मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांना ३ नंबरचा पोझिड्राइव्ह पेचकस लागतो. साध्या चौफुली पेचकसाने डोकं झिजतं.

बोर्ड घरात नक्की कुठे ठेवू? माळा, दिवाण की गॅलरी?

तिन्ही जागांची मी परीक्षा घेतली आहे. गॅलरी बाद: ऊन वरच्या चित्राचा रंग खातं, पावसाची झड आत येते. वरच्या मजल्यावर, गच्चीखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो, आणि सततच्या उष्णतेत थरांमधल्या गोंदाची परीक्षा होते. बंद गाडीची डिकी याच कारणाने वाईट. दिवाणातली जागा अंधारी आणि सपाट असते खरी, पण तिथे हवा खेळत नाही, आणि तळमजल्यावर घर असेल तर फरशीची ओल थेट आत.

माझं मत असं: रोज वावर असलेल्या खोलीतलं कपाट, किंवा त्याच्या मागची, आतल्या बाजूची भिंत. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथे नको. जमिनीपासून वीतभर उंच, लाकडी फळीवर आडवा ठेवा किंवा दोन खुंट्यांवर टांगा. उभा टेकवला तरी बिघडत नाही, फक्त खाली रबराचा तुकडा घाला. त्यावर गाद्या, बॅगा, सुटकेस रचू नका; बोर्डाला जन्मजात बाक असतो, वर्षभराच्या ओझ्याने तो दबतो. दोन बोर्ड तळाला तळ लावून पट्ट्याने करकचून आवळणं हेही तसंच.

बॅगेत ठेवायचा असेल तर चेन अर्धी उघडी. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतली हवा आतच घामेजते. त्यापेक्षा जुनी सुती चादर उत्तम. सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण रंग बदलला की त्या वाळवाव्या लागतात. जूनमध्ये टाकून विसरलेली पुडी ऑगस्टमध्ये काही करत नाही. गणपतीत घर आवरताना एकदा चादर उलगडून कडांवर बोट फिरवून बघा. तेवढी एक पाहणी पुरते.

बूट इतके महाग, तरी दोन-तीन वर्षांत तळवा सुटतो. का?

दमट, गरम हवेत गोंद आणि काही प्रकारचे फोम स्वतःहून जीर्ण होतात, वापरले नाहीत तरी. हे पूर्ण थांबत नाही, लांबवता मात्र येतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत लायनर बाहेर काढून पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा. सावलीत. मग परत घालून नाड्या किंवा चकती फिरवून आवळायच्या तारा सैलसर ओढून ठेवा, म्हणजे आकार टिकतो. आत वर्तमानपत्र कोंबून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून घरातल्या घरात पाच मिनिटं घालून चाला. कुबट वास आला तर लगेच कळतो.

जॅकेट-पँट आणि लोकरीचे कपडे?

जलरोधक जॅकेट त्याच्यासाठीच्या खास द्रावणात, पावसाळ्याआधी धुवा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, त्याने कापडावरचं पाणी उडवणारं लेपन झाकलं जातं. वाळल्यावर मधे सुती कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवली की ते लेपन पुन्हा जागं होतं. आधी आतला धुण्याच्या सूचनांचा बिल्ला वाचा. मेरिनो लोकरीला कसर लागते. धुऊन, वाळवून, कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घामट लोकर कसरीला आधी सापडते.

हेल्मेट आणि गॉगल?

हेल्मेट जोराने आपटलं असेल तर वरून धडधाकट दिसलं तरी बदला; आतला फोम एकदाच दबतो. डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटात ते नको, त्या वाफा अशा फोमला चांगल्या नाहीत. गॉगलची आतली काच कधीच पुसू नका. धुकं न धरणारा थर ओला असताना बोटाने किंवा फडक्याने निघून जातो. आपोआप वाळू द्या, मग त्याच्याच मऊ पिशवीत.

हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायचं यंत्र) वर्षभर तसाच ठेवला तर चालतो का?

बॅटरी काढून ठेवा. आजच, हे वाचून झाल्याबरोबर. अल्कलाइन बॅटरी दमट कपाटात गळते, संपर्कपट्ट्या खाते, आणि यंत्र चालू झालं तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही. डिसेंबरात नव्या बॅटरी घाला आणि मित्राच्या यंत्रासोबत पाठवणं-शोधणं दोन्ही तपासा. सगळी यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, कंपनी वेगळी असली तरी चालेल. अफरवटच्या वरच्या टप्प्यावर आखलेल्या उताराबाहेर लोक जातात, आणि तिथे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या फेब्रुवारीत हिमस्खलनात माणसं गेली. बोर्डाला गंज आला तर घासून काढता येतो. इथे दुसरी संधी नसते. फावडं आणि शोधकाठीही एकदा जोडून बघा, काठीची आतली दोरी झिजलेली नसावी.

स्प्लिटबोर्डच्या (चढताना उभे दोन भाग करता येणाऱ्या बोर्डाच्या) चढाईच्या स्किन, म्हणजे मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या पट्ट्या, वाळवून, गोंदाच्या बाजूला जाळीचा कागद लावून घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवा. मे महिन्याच्या उकाड्यात तो गोंद पाघळतो.

मी बोर्ड भाड्याने घेतो. मला यातलं काय कामाचं?

दुकानात पाच मिनिटं थांबून कड आणि तळ बघा. नख कडेवर आडवं ओढा. नखाचा बारीक किस निघाला तर धार आहे. बाइंडिंग हाताने हलवून बघा, पट्ट्यांचे दात पाहा. बूट घालण्याआधी लायनरमध्ये हात घाला. ओला असेल तर दुसरा जोड मागा, संकोच नको. ओल्या बुटात बोटं बधिर होतात.

डिसेंबर आला. बोर्ड बाहेर काढल्यावर काय?

पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीने वर्षभराचा थर खरवडा, आधी कडांवरचा, मग तळाचा, पुढच्या टोकाकडून मागे. खाली वर्तमानपत्र अंथरा, कारण हा भुगा फरशीवर पडला की घरातलं कुणीतरी घसरतं. मग नायलॉनच्या ब्रशने तळ चमकेपर्यंत घासा. कुठे पांढुरकं दिसलं तर पातळ ताजा हात द्या. फोटोत बघून बाइंडिंग लावा, चारही स्क्रू आधी हलके, मग समोरासमोरच्या जोडीने घट्ट. बाइंडिंगच्या प्लास्टिकजवळ स्क्रू पक्के करण्याचं द्रावण वापरू नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

पहिल्या दिवशी दोन-तीन घसरणींनंतर स्क्रू पुन्हा आवळायचे असतात, म्हणून पेचकस सोबत न्या. तो आणि कानस मोठ्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको. विमानतळावर काढून घेतात. गरम हातमोज्यांच्या लिथियम बॅटरी मात्र उलट, त्या हातातल्याच बॅगेत.